हजेरीसाठी गैरहजर

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते आपण होऊन टेबलावर येऊन पडतात, तेही तीन प्रतींत, सही-शिक्क्यासह! माझ्या ड्रॉवरमध्ये एक जाडजूड फाइल आहे. पूर्वी तिच्यात मी प्रश्नपत्रिका ठेवायचे. आता तिच्यात नुसते हजेरीचे अर्ज, खुलासे, विनंत्या आणि माफीपत्रं. सुट्टीत मिरजेला गेले की बहिणी मागे लागतात, "सांग ना गं तुझ्या मद्रासच्या गमती!" मग मी त्या फाइलमधलं एकेक पान आठवून सांगत बसते आणि त्या हसून हसून लोळतात. मीही हसते. पण या सेमिस्टरला एका मुलीपायी माझं हसू अधूनमधून अर्ध्यावरच थांबत होतं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

नवऱ्याची नोकरी पेरुंगुडीला, त्यामुळे बारा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो. राहतो अड्यारला. त्याच बाजूला पुढे एका खासगी युनिव्हर्सिटीत मी इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच शिकवायचंय!

आमचा नियम साधा आहे. प्रत्येक विषयात पंच्याहत्तर टक्के हजेरी हवी. पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मध्ये असाल तर एक गुलाबी अर्ज भरायचा, त्यावर डीनची सही घ्यायची, की परीक्षेला बसता येतं. पासष्टच्या खाली गेलात की संपलं. अख्खं सेमिस्टर पुन्हा.

आणि कयलला ते परवडणारं नव्हतं. कयल माझ्या फायनल इयरच्या वर्गातली. विळुप्पुरमजवळच्या गावातली, हॉस्टेलला राहणारी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. तिच्या हातात नोकरीचं पत्र होतं आणि त्यात लिहिलं होतं की हे सेमिस्टर वेळेत पूर्ण केलं तरच नोकरी. अभ्यासात उत्तम, वागायला सरळ. ऑगस्टमध्ये तिला कांजिण्या झाल्या आणि ती अडीच आठवडे गावी राहिली. बस, एवढाच तिचा गुन्हा.

*

बरी होऊन ती परत आली तेव्हा मीच तिला हजेरी विभागात घेऊन गेले. तिथे मुरुगेसन बसतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात तीन पेनं, आणि माणूस स्वभावाने खरोखर चांगला.

आता इकडे कांजिण्या म्हणजे नुसता आजार नसतो. घरात अम्मन येते, देवी. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात, फोडणी बंद, बाहेर जाणं बंद, आणि डॉक्टरकडे तर मुळीच जायचं नाही, देवीचा अपमान होतो. कयलच्या गालावरचे डाग बघून मुरुगेसन खुर्चीतून उठलेच. त्यांनी हात जोडले.

"अम्मन येऊन गेली? भाग्य लागतं हो पोरी! दाराला निंब बांधला होता ना?"

"हो अण्णा."

"तिसऱ्या दिवशी हळद-निंबाचं पाणी?"

"सगळं केलं अण्णा."

"डॉक्टरकडे नाही ना गेलात?"

"नाही अण्णा, आजी जाऊ देईना."

"शहाणी आहे आजी! जायचंच नसतं! पाप लागतं!" मुरुगेसन खाली बसले, त्यांनी चष्मा लावला, फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं. "हं. मेडिकल सर्टिफिकेट?"

कयल माझ्याकडे बघायला लागली. मी मुरुगेसनकडे.

"अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात ना, डॉक्टरकडे जाणं पाप आहे म्हणून!"

"मॅडम," ते कळवळून म्हणाले, "ते मी म्हणालो. सर्टिफिकेट ऑफिस मागतंय!"

सर्टिफिकेट नाही, म्हणून ते दिवस आजारपणाचे नाहीत. म्हणजे नुसतीच गैरहजेरी. बहुतेक विषयांत ती शहात्तर-सत्त्याहत्तरवर तगली, पण गणितात मात्र रुतली. ते गणित माझं नव्हे, आमचे एच.ओ.डी. रावसर शिकवतात ते.

*

रावसरांबद्दल सांगायला हवं. पूर्ण डिपार्टमेंटमध्ये माझ्याशी मराठी बोलणारं हे एकच माणूस. त्यांचे पूर्वज तीनएकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि मराठी तिथेच मुरत राहिली. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मिरजेहून आलांत? सेरी. अस्के मुलं वर्गांत आहेत. बेगी जा." अस्के म्हणजे सगळे, बेगी म्हणजे लवकर, आणि सेरी म्हणजे तमिळमधलं 'बरं'. मला वाटलं, कोणी जुनं दप्तर उघडून वाचतंय. आता सवय झाली.

निवृत्तीला त्यांना चार महिने राहिलेत. चौतीस वर्षं शिकवलं; आमच्या डीनसकट इथले निम्मे लोक कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसलेले. आमची हजेरी आता मोबाइलवर होते. तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांत वर्गाचा फोटो काढायचा, ॲप चेहरे ओळखतं आणि हजेरी लावतं. रावसर तो फोटो काढतात, कारण हुकूम आहे. पण नंतर काखेतलं लाल कापडी बांधणीचं रजिस्टर उघडतात आणि रोल नंबर पुकारून स्वतः हजेरी घेतात.

"सर, ॲप घेतं ना हजेरी!" मी एकदा म्हटलं.

"ते मुखडे मोजते," सर म्हणाले. "मी मुलं मोजतो."

*

त्या ॲपचंच ऐका. आमच्या प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीवर दिवंगत संस्थापकांचा हार घातलेला मोठा फोटो आहे. शिक्षक पुढे उभा राहून वर्गाचा फोटो काढतो, तेव्हा मागे संस्थापकही येतात. सगळ्या वर्गांत, सगळ्या तासांना, न चुकता.

आता योगायोग असा की संस्थापकांचा नातू आमच्याकडे सेकंड इयरला आहे. नाक आजोबांचं, भुवया आजोबांच्या, हनुवटीही आजोबांची. ॲपने पहिल्याच दिवशी आजोबांना नातू म्हणून ओळखलं आणि हजेरी लावली. नातू कधी उटीला असे, कधी गोव्याला. हजेरी शंभर टक्के! त्याचं नाव मानाने सगळ्याच वर्गांच्या यादीत, त्यामुळे एकदा तर एकाच वेळी तो तीन वर्गांत हजर होता.

ॲपवाल्या तरुण इंजिनिअरच्या लक्षात हे आलं. बिचारा नवीन होता. त्याने मीटिंगमध्ये सुचवलं, "सर, मागच्या भिंतीवरचे फोटो काढले तर प्रॉब्लेम सुटेल." सगळे एकदम मान खाली घालून अजेंडा वाचायला लागले. मग कोणीतरी म्हणालं, "निदान ती हजेरी तरी रद्द करा." फाइल मुरुगेसनकडे गेली. आठ दिवसांनी त्यांच्या सुवाच्य अक्षरात शेरा आला: "आदरणीय संस्थापकांची हजेरी रद्द करण्याचा अधिकार या कार्यालयास नाही."

वार्षिक समारंभात नातवाला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस जाहीर झालं. टाळ्या पडल्या. दोनदा नाव पुकारलं. कोणी आलंच नाही. डीन माइकवर म्हणाले, "फार विनयशील मुलगा आहे!"

*

याच्या अगदी उलट एक फर्स्ट इयरचा मुलगा. सेलमहून आलेला. ए सेक्शनचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, बीचा तिसऱ्या. हा ए सेक्शनचा. पहिल्या दिवशी कोणीतरी त्याला वर पाठवलं आणि तो वर गेला. पूर्ण सेमिस्टर पहिल्या बाकावर बसून शिकला. त्याचा फोटो ए सेक्शनच्या यादीत, त्यामुळे बीच्या वर्गात ॲप दर तासाला म्हणायचं, "अनोळखी व्यक्ती: एक." रोज सहा वेळा. कोणी ते वाचलंच नाही.

सेमिस्टर संपताना घरी पत्र गेलं की आपला मुलगा एकही दिवस कॉलेजला आलेला नाही. वडील घाबरून सेलमहून धावत आले. डीनच्या केबिनमध्ये सगळे जमले. मुलगा रडत म्हणतोय, "मी एकही दिवस चुकवला नाही!" बी सेक्शनचे शिक्षक म्हणाले, "हा? हा तर माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी! मागच्या तासाला काय शिकवलं ते मी याच्याच वहीत बघतो!"

डीननी रेकॉर्ड तपासलं. ए सेक्शनमध्ये हजेरी शून्य. बी सेक्शनमध्ये विनापरवाना प्रवेश, शंभर टक्के. दोन्हींसाठी वेगवेगळी नोटीस निघाली.

वडिलांना काही समजेना. त्यांनी हात जोडून विचारलं, "सार, एवढंच सांगा. माझा मुलगा कॉलेजला येत होता की नव्हता?"

"येत होता," डीन म्हणाले. "पण हजर नव्हता!"

*

ऑक्टोबरअखेर चेन्नईचा पाऊस आला. इथे पाऊस आला की मुलं आकाशाकडे बघत नाहीत, टीव्हीवरच्या पट्टीकडे बघतात. कलेक्टरसाहेब शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर करतात का, एवढाच प्रश्न. त्या सकाळी सुट्टी जाहीर झाली. सगळ्या शहराला. आमच्या युनिव्हर्सिटीने मात्र मेसेज पाठवला, "आपण स्वायत्त आहोत. वर्ग नेहमीप्रमाणे होतील. गैरहजर राहणाऱ्यांची गय केली जाणार नाही."

आम्ही शिक्षक स्टाफ बसमधून निघालो आणि पेरुंगुडीच्या अलीकडे पाण्यात अडकलो. इंजिन बंद. चार तास आम्ही बसमध्ये बसून एकमेकांचे डबे खाल्ले.

तिकडे हॉस्टेलची मुलं गुडघाभर पाण्यातून वर्गात पोचली. कयल त्यात होती. शिक्षक नाहीत म्हणून मुलांनीच फळ्यावर गणितं घेतली. त्यातली तीन तिने एकटीने सोडवली. पण ॲप उघडतं शिक्षकाच्या लॉगिनने, आणि शिक्षक तर बसमध्ये! फोटो निघाला नाही. सगळा वर्ग गैरहजर.

दुसऱ्या दिवशी सर्क्युलर आलं. कॉलेजच्या बसमध्ये अडकलेल्या शिक्षकांना 'ऑन ड्यूटी' धरण्यात येत आहे.

मी ते सर्क्युलर हातात घेऊन बसले होते, तेव्हा खरंच लाज वाटली. आम्ही दुसऱ्याच्या डब्यातला लेमन राइस खात होतो आणि ड्यूटीवर होतो. ती पाण्यातून येऊन गणितं सोडवत होती आणि गैरहजर होती. गणितात ती आता एकोणसत्तरवर आली होती.

*

'ऑन ड्यूटी' हा आमच्याकडचा कल्पवृक्ष. मुलं त्याला ओ.डी. म्हणतात. कॉलेजच्या कामासाठी वर्गाबाहेर असलात, तर हजेरी आपोआप लागते. नाटकाची तालीम, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या भरणं, सगळ्याला ओ.डी.

यंदा डीननी 'हजेरी जागृती अभियान' काढलं. बारा मुलं निवडली. त्यांचं काम काय, तर वर्गावर्गांत जाऊन इतर मुलांना तास न चुकवण्याचं महत्त्व पटवणं. त्यांना पूर्ण सेमिस्टरचा ओ.डी.! त्यांनी पोस्टर केली, पथनाट्य केलं, बेसंट नगरच्या बीचवर जाऊन घोषणा देत नाचही केला. तिथे कोण तास चुकवत होतं कोणास ठाऊक.

एक दिवस माझ्या तासाला ती मुलं आली. एकसारखे टी-शर्ट, हातात फलक. वर्गात समोर जेमतेम वीस जण. म्होरक्या पोराने भाषण ठोकलं, "मित्रांनो, चुकलेला तास परत येत नाही! आजचा तास म्हणजे उद्याचं करिअर!" छान बोलला. मी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला आत्ता कोणता तास आहे रे?"

त्याने मोबाइलमध्ये टाइमटेबल बघितलं.

"हाच, मॅडम!"

"अरे वा! मग बसा की."

"कसं बसणार मॅडम? अजून तीन वर्ग जागृत करायचेत!"

मुरुगेसननी कयलला अगदी मनापासून सल्ला दिला होता, "पोरी, त्या अभियानात नाव घाल. दोन आठवड्यांत पंच्याहत्तरच्या वर जाशील." कयल म्हणाली, "अण्णा, मला वर्गात बसायचंय." मुरुगेसन मला नंतर भेटले तेव्हा फार हळहळत होते. "चांगली मुलगी हो मॅडम. पण व्यवहारज्ञान शून्य!"

*

शेवटी कयलने गुलाबी अर्ज भरला. राहिली डीनची सही.

आमच्या डीनच्या दारावर पितळी पाटी आहे: 'डीन, विद्यार्थी उपस्थिती'. खाली छोट्या अक्षरांत 'भेटीची वेळ दहा ते अकरा'. रावसरांचा तास रोज दहा ते अकरा. म्हणजे सहीसाठी थांबायचं तर त्याच विषयाचा तास बुडवायचा, ज्याच्या हजेरीसाठी सही हवी!

सोमवारी ती गेली. बाहेर मणी शिपाई. "सार ऑन द वे." अकरा वाजले. मंगळवारी सार मीटिंगमध्ये. बुधवारी सार मीटिंगमधून ऑन द वे. गुरुवारी सार शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात परिसंवादाला गेले होते. विषय मी मुद्दाम विचारून घेतला: 'गैरहजेरीचं उच्चाटन'!

शुक्रवारी मी स्वतः तिच्याबरोबर गेले.

"मणी, अर्ज इथे ठेवून जाऊ दे तिला. सर आले की सही घे."

"नाही मॅडम. विद्यार्थी स्वतः हजर पाहिजे. नाहीतर पोरं दुसऱ्याला पाठवतात."

"मग अकरानंतर येईल ती."

"अकरानंतर सार नसतात."

"आणि अकराच्या आधी?"

मणीने प्रामाणिकपणे विचार केला. "अकराच्या आधीही नसतात."

मला इतका संताप आला! त्या पितळी पाटीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पाच दिवस ती पोरगी त्या दारात उभी होती आणि रोज तिचा एकेक तास जात होता. एकोणसत्तरवरून घसरत घसरत ती पासष्ट पूर्णांक काहीतरीवर आली. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती, आणि अजून एक तास बुडला की पासष्टच्या खाली. मग डीन आले काय आणि सही केली काय, त्या गुलाबी कागदाचा उपयोग शून्य. सेमिस्टर गेलं आणि नोकरीही गेली. जिन्यावरून उतरताना कयलने फक्त विचारलं, "मॅडम, सोमवारी मी कुठे हजर राहू?"

*

मी तडक रावसरांकडे गेले. म्हटलं, "सर, लावून टाका तिची हजेरी. सोमवारचा एक तास. सगळे लावतात. देवाघरी गेलेल्या माणसाची लागते, हिची का नको?"

सर भडकले. चौतीस वर्षांत त्यांना कोणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, असं मुलं सांगतात. मी ऐकलं. "मी खोटी हजेरी लावूं? मी? जो माझे वर्गांत नाहीं, तो नाहीं! तुम्ही मज हे सांगायला आलांत?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते रागाचं होतं की काय मलाच कळेना. सरांनी टेबलावरची सर्क्युलरांची फाइल ओढून चाळली. मग त्यांनी विचारलं, "वर्ग कोठे भरवावा, हे सर्क्युलरांत कोठे लिहिलेलं आहे का?"

"नाही, सर."

"सेरी," सर म्हणाले. "सोमवारीं बेगी या. अस्क्यांना सांगा, चटई आणा."

सोमवारी मी पावणेदहाला पोचले तेव्हा प्रशासकीय इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चाकांचा फळा येऊन उभा होता. डीनच्या दारासमोरचा अख्खा कॉरिडॉर मुलांनी भरला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत चटया, वर्तमानपत्रं, दप्तरं. एरवी त्या तासाला चाळीस मुलं यायची. बातमी फुटली होती, त्यामुळे साठातली अठ्ठावन्न हजर! सगळ्यात पुढे, अगदी डीनच्या पायपुसण्यावर, मांडी घालून कयल बसली होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात गुलाबी अर्ज.

ठीक दहाला सरांनी फोटो काढला. ॲपने चेहरे ओळखले. मग सरांनी रजिस्टर उघडून रोल नंबर पुकारले. कयल आपल्या नंबरला "प्रेझेंट, सर!" म्हणाली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

मणी शिपाई कॉरिडॉरच्या कोपऱ्यात उभा राहून फोनवर घाम पुसत बोलत होता. "सार... नाही सार, मोर्चा नाही... गणित, सार, गणित!" मुरुगेसन तीन पेनांसकट खालून बघायला आले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, याला कुठला फॉर्म लागतो?"

सरांनी शिकवायला घेतलं. खरंच शिकवत होते, नाटक नव्हतं. फळ्यावर समीकरण उतरत होतं आणि मुलं उतरवून घेत होती. कॉरिडॉर इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं आणि डीन बाहेर आले. कोट, टाय, हातात दोन फोन. समोरचं दृश्य बघून ते जागीच थांबले. त्यांच्या आणि त्यांच्या दाराच्या मध्ये अठ्ठावन्न मुलं.

"व्हॉट इज धिस, मिस्टर राव?"

सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. ओळ पूर्ण केली. खडू ठेवला. मग वळले.

"क्लास," ते इंग्रजीत म्हणाले. "ही मुलगी तुमच्या दारात हजर पाहिजे, असा तुमचा नियम. माझ्या वर्गात हजर पाहिजे, असाही तुमचाच नियम. मी दोन्ही पाळले."

कयल उठून उभी राहिली आणि तिने अर्ज पुढे केला. तो हातोहात मागे मागे जात डीनपर्यंत पोचला. डीन लालबुंद झाले होते. त्यांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मुरुगेसनकडे बघितलं. मुरुगेसननी तत्परतेने एक पेन पुढे केलं. डीननी अर्ज भिंतीवर धरला आणि सही केली. पाच दिवसांचं काम चार सेकंदांत झालं. अर्ज हातोहात पुन्हा पुढे गेला. कयलने तो वहीत ठेवला, खाली बसली आणि मान खाली घालून लिहायला लागली. तिचे खांदे हलत होते.

सर पुन्हा फळ्याकडे वळले आणि पुढची ओळ सुरू केली. तास अकरापर्यंत होता.

डीन तसेच उभे. दाराकडे जायला वाट नव्हती आणि तास चालू असल्यामुळे एकही मूल हलत नव्हतं. दोन मिनिटं गेली. तीन गेली. त्यांनी घसा खाकरला. सरांचं लक्ष नाही. त्यांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. आणि मग, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना, ते हळू आवाजात म्हणाले,

"मे आय कम इन, सर?"

रावसर थांबले. घड्याळात बघितलं. काखेतलं लाल रजिस्टर काढून उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि मान वर न करता विचारलं,

"रोल नंबर?"

"थर्टी-वन, सर."